आधी पाणी, मग जाळ

पोलादपूर तालुक्यात गिझर बिघडण्याचा हंगाम असतो. श्रावण सरत आला आणि बाजारात मखरांचं सामान लटकू लागलं, की इलेक्ट्रिकच्या दुकानांत कॉइल, थर्मोस्टॅट आणि रबरी गॅस्केटांची खोकी मागच्या फळीवरून काउंटरवर येतात. मुंबईहून, ठाण्याहून, नालासोपारा-विरारहून निघालेला चाकरमानी रात्रभर प्रवास करून वाडीत उतरतो, घराचं कुलूप काढतो, जळमटं झाडतो आणि पावसात भिजलेल्या पोरांच्या आंघोळीसाठी गिझरचं बटण दाबतो. कधी एमसीबी पडते. कधी लाल दिवा लागतो, पण अर्ध्या तासानेही पाणी गारच. कधी गिझरच्या बुडातून तांबूस पाणी भिंतीवर ओघळू लागतं. मग वायरमनला फोन जातो. त्या दोन दिवसांत निम्म्या तालुक्याचे फोन त्या एकट्यालाच चाललेले असतात.

महाडची तऱ्हा निराळी. शहरातला गिझर रोज चालतो, रोज झिजतो, आणि मधूनच सावित्री नदी येऊन सगळा हिशेब पुसून जाते.

वॉरंटीच्या कागदावर टाकीला पाच-सात वर्षं लिहिलेली असतात. ती वर्षं रोज पाणी, रोज वीज आणि रोज उघडं घर असलेल्या ठिकाणची. या दोन तालुक्यांत मी पाहिलेले बरेच गिझर वापरून कमी आणि पडून राहून जास्त गेले. गेले की त्यांची दुरुस्ती होत नाही, नवा येतो. कारण भिंतीवर एकदा लटकवल्यानंतर गिझरकडे मधे काही बघायचं असतं, हेच बहुतेक घरांना कोणी सांगितलेलं नाही. दुकानदार सांगत नाही, बसवणारा घाईत असतो आणि सोबतचं पुस्तक माळ्यावरच्या खोक्यातच राहतं.

*

एका वाडीत असा गिझर उतरवताना मी तिथे होतो. पंधरा लिटरचा, उभा, स्लॅबचं नवं घर बांधलं तेव्हा बसवलेला. घर वर्षातून तीनदा उघडतं: गणपती, शिमगा आणि मे महिना. वायरमनने आधी एमसीबी पाडली, टेस्टर लावून खात्री केली आणि खालचा अँगल कॉक बंद करायला गेला, तर तो जागचा हलेना. शेवटी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करावा लागला. कनेक्शन पाइप सोडल्यावर आधी स्वच्छ पाणी आलं, मग कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि शेवटी बुडातला गाळ: गंजाच्या पापड्या, पांढरी कणी आणि बोटाला बुळबुळीत लागणारा काळपट थर. वासावरून नाक मुरडायची वेळ आली. नासक्या अंड्याचा वास.

बुडाची तबकडी पाच नटांवर होती. त्यातला एक नट तुटलाच. कॉइल बाहेर आली, तर तिची नळी एका जागी फुगून उकललेली. या नळीच्या पोटात तापणारी तार असते आणि तारेभोवती विजेला अडवणारी पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. नळीला चीर पडली की भुकटीत ओल शिरते आणि वीज पाण्यात उतरायला वाट मिळते. एमसीबीशेजारी ईएलसीबी असेल तर ती खटकन पडते. नसेल, तर नळाला हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. झिणझिण्यांवर निभावलं तर नशीब.

मग वायरमनने त्याच तबकडीवरची एक तार दाखवली. पेन्सिलीएवढी लांब, गंजलेली, तिला दोन-तीन ठिकाणी खडूसारखा चुरा चिकटलेला.

"दादा, हा रॉड कधी बदलला होता?"

"कुठला रॉड?" घरमालकाने विचारलं.

हा प्रश्न मला मुंबईत, पुण्यात, सगळीकडे ऐकू आला असता. तो रॉड मॅग्नेशियमचा असतो आणि त्याचं काम एवढंच की आपण झिजायचं. आतली टाकी पोलादी पत्र्याची, तिच्यावर काचेसारख्या मुलाम्याचा थर. त्या थराला कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच. पाणी तिथून पत्र्याला भिडलं की गंज सुरू. पण शेजारी मॅग्नेशियम असेल तर रासायनिक ओढीने आधी ते विरघळतं आणि पोलाद वाचतं. रॉड संपला की पाळी टाकीची. दर एक-दोन वर्षांनी तबकडी उघडून रॉड पाहावा, निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदलावा. खर्च काही शे रुपयांचा. वेळेवर नवा रॉड पडला तर तीच टाकी आणखी बरीच वर्षं काढते. न पडल्यास टाकी गळते, आणि टाकी गळली की तिला डाग देणारा कोणी नाही.

इथे बंद घराची गोम अशी की रॉड गिझर चालू नसतानाही विरघळत राहतो. घरी कोणी नाही म्हणजे गिझरला विश्रांती, असा सगळ्यांचा समज. पण आत पंधरा लिटर पाणी महिनोन्‌महिने जागच्या जागी उभं असतं. हवा न लागलेल्या पाण्यात काही जिवाणू वाढतात, पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि मॅग्नेशियम विरघळताना सुटणारा हायड्रोजन त्यांना उपयोगी पडतो. नासक्या अंड्याचा वास येतो तो यातून. त्याहून वाईट जात लिजिओनेला नावाच्या जिवाणूंची. ते साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतात, फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. कोकणातल्या बंद घराच्या न्हाणीघरात बाराही महिने नेमकं हेच तापमान असतं. म्हणून कुलूप काढल्यावर पहिली टाकी अंगावर घेऊ नये. ६० अंशांच्या वर चढवावी, खिडकी उघडावी, शॉवर न लावता पाणी खालच्या नळाने मोरीत सोडून द्यावं. गावाहून निघताना उलट करावं: वीज बंद, वरचा कॉक बंद, टाकी रिकामी. गणपती विसर्जनानंतरच्या धांदलीत हे कोण करतो? पण भांडी पालथी घालून, धान्याच्या डब्यांना झाकणं लावून, गॅसचा रेग्युलेटर काढूनच आपण घर बंद करतो ना. त्या यादीत हे एक काम वाढवायचं.

रिकाम्या टाकीचा धोका मात्र वेगळा. पुढच्या वेळी घाईत कोणी पाणी न भरता बटण दाबलं तर कॉइल कोरडी तापते आणि बघता बघता जळते. पोलादपूरच्या वाड्यांत हे एरवीही घडतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकर लागतो. सह्याद्रीचा उतार आणि कातळ पाणी धरून ठेवत नाहीत, पावसाचं पाणी सावित्रीतून समुद्राला जातं आणि विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा दिवसांत गच्चीवरची टाकी कधी कोरडी पडली ते खालच्याला कळत नाही. नियम साधा आहे: गरम पाण्याचा नळ उघडायचा, त्यातून सलग धार येऊ द्यायची, फुसफुस थांबू द्यायची आणि मगच बटण.

*

माझ्या आजीच्या पिढीला हा नियम पाठ होता. तेव्हा वस्तू दुसरी होती.

तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उभं नळकांडं, मधोमध आरपार धुराडं, खाली जाळी आणि राखेचा खण, बाजूला पितळी तोटी. धुराड्यात वरून काटक्या, शेण्यांचे तुकडे, कोळसे टाकायचे. पाणी धुराड्याच्या भोवती. जाळ मधून जात असल्यामुळे त्याची धग चहूबाजूंनी पाण्यालाच मिळते. हंड्याखालच्या चुलीची बरीच धग बाहेर वाया जाते. बंबाची देखभाल म्हणजे रोज राख काढणं, आठवड्याला चिंचेने घासणं आणि तोटी गळायला लागली तर तांबटाकडे नेणं. आणि एक दंडक: आधी पाणी, मग जाळ. बंब रिकामा असताना विस्तव पडला तर सांधे सुटत. त्यामुळे बंब पेटवण्याआधी तोटी उघडून धार बघितली जायची. घरातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं, कारण चुकलं तर ओरडा बसायचा. गिझरसाठी असा ओरडा देणारं माणूस घरात नाही.

बंब सगळ्यांकडे होता असं मात्र समजू नये. तो खोताच्या, व्यापाऱ्याच्या, ब्राह्मणाच्या, चार पैसे बाळगून असलेल्या घरातला. पोलादपूरच्या वाड्यांत मागील दारी तीन दगडांची चूल, त्यावर काळा झालेला हंडा, शेजारी गार पाण्याची बादली विसणासाठी. ती चूल अजून आहे. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात आला तरी आंघोळीचं पाणी त्यावर तापवायला बायका तयार नसतात, कारण सिलिंडर भरायचा खर्च त्यांना माहीत असतो आणि लाकूडफाटा पावसाळ्याआधीच पडवीत रचून ठेवलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तेव्हा स्लॅबच्या घरांतले लोकही आंघोळीच्या पाण्यासाठी त्याच चुलींकडे वळले. चुलीचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. तिच्या धुराने किती बायकांची छाती आणि डोळे गेले ते इथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारावं.

बंबांचं काय झालं म्हणाल, तर बरेच मोडीत गेले. तांब्याचा भाव चढला तशी भांड्याच्या दुकानात मोड देऊन स्टीलचे डबे घरी आले. उरलेल्यांतले काही फार्महाऊसच्या ओसरीवर मनीप्लँट लावून उभे आहेत.

*

नरक चतुर्दशीची पहाट. उटणं, तेल, कारीट, सगळं तयार. घराघरातली पहिली आंघोळ सूर्य उगवायच्या आत व्हायला हवी, म्हणून वाडीतले सगळे गिझर चार-साडेचारच्या सुमारास एकदम लागतात. आता हिशेब करू. वाडीच्या तोंडाशी २५ केव्हीएचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असेल आणि एक गिझर दोन किलोवॉटचा धरला, तर बाराच गिझरांनी तो भरला. वाडीत घरं चाळीस. इतर वेळी तीस घरांना कुलपं असतात म्हणून डीपी तग धरतो. गणपतीत आणि दिवाळीत सगळी उघडतात. फ्यूज उडाला तर अंधार, नाही उडाला तर विजेचा दाब घसरतो.

दाब घसरला की गिझर हळू चालणार हे सगळ्यांना कळतं. किती हळू, ते कळत नाही. कॉइलची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टच्या जागी लाइनच्या शेपटाला १८० व्होल्ट आले तर दोन किलोवॉटचा गिझर जेमतेम सव्वा किलोवॉटचा उरतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. पूर्ण दाबाला १८ मिनिटं, १८० व्होल्टला जवळपास अर्धा तास. लोक समजतात कॉइल गेली. वायरमन येतो, कॉइल बदलतो, तोवर पाहुणे मुंबईला परततात, दाब चढतो आणि नवी कॉइल छान चालते. जुनीही चालली असती.

हे बघायला साधा मल्टिमीटर पुरतो. पण कॉइल विकली तर दुकानाला चार पैसे सुटतात, दाब मोजून काहीच सुटत नाही.

*

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडला गांधारी तिला मिळते. महाडची बाजारपेठ बुडाली, तळमजले गेले, कित्येक ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या साखर-सुतारवाडीत आणि केवनाळ्यातही दरडी आल्या. त्या आठवड्यात गिझरचं नाव काढायलाही लाज वाटावी अशी परिस्थिती होती. पण चिखल उपसून झाल्यावर, घराघरांत अंगाला खाज, पायांना चिखल्या आणि लहान मुलांना ताप सुरू झाल्यावर, गरम पाणी ही चैन राहिली नाही.

भिंतीवर सहा-सात फुटांवर लावलेला गिझरही बुडाला होता. बुडालेल्या गिझरचं नेमकं काय बिघडतं? आतली टाकी शाबूत असते, तिच्यात नळाखेरीज कुठून पाणी जात नाही. बिघडतं ते भोवतीचं. बाहेरचं कवच आणि टाकी यांच्यामध्ये उष्णता धरून ठेवणारा फोम असतो. त्याच्या फटींत गढूळ पाणी आणि गाळ शिरतो. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू, कटआऊट, वायरींची टोकं, सगळ्यांवर चिकणमातीचा लेप. लोकांनी खालचं झाकण काढलं, पाइप मारून धुतलं आणि वाळत ठेवलं. जुलै-ऑगस्टात महाडमध्ये वाळतं काय? दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. आठवडाभराने बटण दाबलं, ईएलसीबी पडली, आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांचा गिझर चालू झाला. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

पुरात बुडालेल्या विजेच्या वस्तूला मेगर लावून इन्सुलेशन मोजल्याखेरीज हात लावू नये, हे जाणता वायरमन सांगतोच. थर्मोस्टॅट, कटआऊट, वायर आणि कॉइल नवी टाकली तर गिझर पुन्हा उभा राहू शकतो. फोममधली ओल मात्र राहते, कवच आतून गंजतं आणि वर्ष-दोन वर्षांत पत्र्याला फोड येतात. पुरानंतरच्या महाडमध्ये रस्त्यांवर गाद्या, फ्रिज आणि कपाटांचे ढीग होते. त्यांत गिझरही पडले. त्यांतल्या बऱ्याच टाक्या चांगल्या होत्या असा माझा अंदाज आहे, पण त्या वेळी भाग शोधत बसायला कोणाला सवड होती?

पाणी ओसरल्यावर आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं होतं. ती वरवर धुऊन पंप चालू केला की राहिलेला बारीक गाळ गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून गिझरमध्ये. गिझरच्या बुडात पाणी शांत असतं, गाळ तिथे बसतो आणि कॉइलला पुरून टाकतो. पुरलेल्या कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, ती स्वतःच तापून जळते. पुरानंतर नदीतला गाळ काढायचं काम सरकारने हाती घेतलं. गिझरमधला गाळ ज्याचा त्यानेच काढायचा होता.

एरवी महाडच्या पाण्याची गिझरला फार तक्रार नाही. शहराला कोथुर्डे धरणाचं पाणी येतं, ते पावसाचं, मऊ. देशावरच्या बोअरच्या पाण्याने कॉइलवर जसा पांढरा दगड चढतो तसा इथे चढत नाही. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी मात्र सावध राहावं. पाण्यातला विरघळलेला चुना तापल्यावर घट्ट होऊन कॉइलवर बसतो, आणि ६० अंशांच्या पुढे हा वेग वाढतो. म्हणून रोजच्या गिझरचा काटा ५५ ते ६० वर ठेवावा, शेवटच्या टोकाला नको. चढलेला थर काढायला लिंबूफुलाच्या पाण्यात कॉइल रात्रभर बुडवावी. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. खरवडताना नळीला चरा जातो आणि वर सांगितलेली उकललेली नळी तयार होते.

आणि ती थेंब-थेंब गळती. गिझर तापत असताना खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, म्हणून लोक तिथे एम-सील लावून बुजवतात. मी हे एकाहून जास्त घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी पोटात गोळा आला. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की साडेतीनशे मिलिलिटरने फुगतं. व्हॉल्व्हमुळे ते मागे गच्चीच्या टाकीत जाऊ शकत नाही, म्हणून ठिबकतं. ते ठिबकणं म्हणजे गिझर नीट चालल्याची खूण. ते बुजवलं आणि त्यात थर्मोस्टॅट अडकला, तर बंद भांड्यात पाणी उकळत राहतं. छतासकट गिझर उडाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. व्हॉल्व्हला पारदर्शक नळी जोडून ती मोरीत सोडावी, विषय संपला. गिझर बंद असतानाही ठिबकत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला झाला.

*

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव गावापाशी गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरी-अकलोलीपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याने अशा झऱ्यांची रांगच लागते. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच वर येतं. कॉइल नाही, रॉड नाही, वायरमन नाही. अंगदुखी आणि त्वचेच्या विकारांसाठी लोक मुद्दाम स्नानाला येतात. घरात न्यायची सोय तेवढी नाही.

*

गॅस गिझरबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. वीज जाते, दाब नसतो, म्हणून महाड शहरात आणि एमआयडीसीच्या बाजूला बिरवाडीकडे लोक गॅसच्या गिझरकडे वळले. स्वस्त, झटपट, मिनिटाला सहा लिटर गरम पाणी. वाडीतल्या बैठ्या घरात तो बहुधा चालतच नाही. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ०.१ बार, आणि आतला पडदा सरकून गॅस सुटायला त्याच्या दुप्पट-अडीचपट दाब लागतो. घराच्या कौलाला टेकलेल्या टाकीतून तो मिळत नाही. शहरातल्या इमारतीत मिळतो, आणि तिथेच धोका आहे.

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉनने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र बनवलं. त्याला धुराडं नव्हतं, जळालेला वायू न्हाणीघरातच सुटायचा. पुढच्यांनी धुराडं जोडून ती चूक सुधारली. दीडशे वर्षांनी आपण तीच चूक फरशी लावलेल्या, खिडकी बंद केलेल्या न्हाणीघरात करतो. हिशेब पाहा. असा गिझर पूर्ण जोरात तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो एलपीजीला बारा घनमीटरहून जास्त हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटरच्या वर हवा संपली. चार बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून साडेचार घनमीटर हवा. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने धरतं. माणसाला चक्कर येते, पाय लटपटतात, दाराची कडी काढायला हात उठत नाही. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची जी बातमी येते, ती हीच असते. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा. जागा नसेल तर तो घेऊच नये. बंद घरात तर नकोच: बर्नरच्या बारीक छिद्रांत कोळी जाळी करतात, धुराड्याच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, उंदीर रबरी नळी कुरतडतात, आणि आतले दोन सेल फुटून गंजतात.

बिरवाडीत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार यांतलं काहीच वापरत नाहीत. त्यांच्याकडे पाणी तापवायचा रॉड असतो. प्लॅस्टिकच्या बादलीच्या काठावर लाकडाची पट्टी, तिच्यावर दीड किलोवॉटचा रॉड, वीस लिटरला पाव तास. स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाचा. पाणी तापलं का बघायला बोट बुडवणारे महाभाग अजून आहेत. रॉडवर निदान आयएसआय चिन्ह असावं, तो पाण्यात बुडवल्यानंतरच बटण लावावं, आणि बटण बंद करून पिन काढल्यानंतरच पाण्याला हात लावावा.

सोलरवाले महाडलाही आले. ऑक्टोबर ते मे सोलर हीटर उत्तम चालतो. पण आमच्याकडे गरम पाण्याची खरी गरज पडते ती जून ते सप्टेंबर, कपडे वाळत नाहीत आणि हाडांत गारठा शिरतो तेव्हा, आणि तेव्हा सूर्य दिसत नाही. शिवाय काचेच्या नळ्या आणि वानरं. आंब्याच्या झाडावरून गच्चीवर उडी मारणाऱ्या वानराला काचेची नळी काय आणि कौल काय, सारखंच.

*

मग बदलायचा कधी आणि काय घ्यायचं? टाकी गळली तर बदला. बाकी जवळपास सगळं दुरुस्त होतं: कॉइल, थर्मोस्टॅट, कटआऊट, गॅस्केट, व्हॉल्व्ह, रॉड. भाग आणि मजुरी मिळून नव्या गिझरच्या निम्म्या किमतीला पोचत असतील आणि गिझर आठ-दहा वर्षांचा असेल, तर नवा घेणं शहाणपणाचं. दुकानदार मुंबईच्या सवयीने २५ लिटरचा पुढे करतो. महाड-पोलादपुरात पाणी क्वचितच २० अंशांच्या खाली उतरतं, बादलीभर आंघोळ ४० अंशांनी होते, आणि चौघांच्या घराला १५ लिटर पुरतात, कारण ६० अंशांच्या पाण्यात विसण घालावंच लागतं. तारांकनाची पट्टी बघावी. ती पट्टी गिझर नुसता तापून उभा असताना दिवसाला किती वीज गमावतो ते सांगते. तास न्‌ तास चालू ठेवणाऱ्या घराला याचा फायदा. पंधरा मिनिटं चालवून बंद करणाऱ्याला दोन तारे आणि पाच ताऱ्यांत फारसा फरक पडत नाही. वर्षातून तीनदा उघडणाऱ्या घराला मी तीन लिटरचा इन्स्टंट सुचवीन. आत पाणी कमी, म्हणून सडणारं पाणी कमी, रिकामा करायलाही सोपा. तीन किलोवॉटला तो मिनिटाला जेमतेम तीन लिटर पाणी पंधरा अंशांनी तापवतो. बादली भरायला सात मिनिटं लागतात. मुंबईच्या शॉवरची सवय असलेली पोरं कुरकुर करतात, करू द्यावी.

पण तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर. जुन्या घरात न्हाणीला दिव्याच्या बोर्डावरून काढलेली बारीक वायर असते. नवा गिझर त्याच वायरीवर चढवला तर गिझर राहतो बाजूला आणि भिंतीतली वायर तापते. मीटरपासून वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतःची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, एवढं नसेल तर गिझरचं खोकं उघडूच नये. वायरमनची मजुरी वाचवून घेतलेला गिझर महाग पडतो. आणि अर्थिंग. घराच्या मागे पुरलेली पट्टी पावसाळ्यात ओल्या मातीत छान काम करते. मे महिन्यात लाल माती भेगाळते, कातळ तापतो, आणि चाकरमानी आंब्यांसाठी घर उघडतो तेव्हा अर्थिंग नावापुरतंच उरलेलं असतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून बादलीभर पाणी ओतावं लागतं, तेही गिझर लावायच्या आधी. टँकरच्या पाण्यातली ती बादली कोण ओतणार, ते घरात आधीच ठरलेलं बरं.